फूट इन्स्पेक्शन

एनडीएत आमच्या वेळी 'पट्टी परेड' नावाची एक शिक्षा होती. ज्यांनी ती भोगली आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सीनियरचं डोकं फिरलं की फर्स्ट टर्मच्या पोरांना स्क्वाड्रनसमोर फॉल-इन करायचं आणि हुकूम सोडायचा, ३ मिनिटांत पीटी रिग! धावत जिने चढायचे, कॅबिनमध्ये कपडे फेकायचे, बदलून धावत खाली. लगेच पुढचा हुकूम, ड्रिल ऑर्डर. मग मफ्ती, टायसकट. मग पुन्हा पीटी रिग. पायाला गुंडाळायच्या पट्ट्या तेव्हा आमच्यापैकी कोणीच वापरत नव्हतं, शिक्षेला नाव तेवढं राहिलं होतं. पण त्या शिक्षेनं हातांना जे वळण लावलं ते पुढे २० वर्षं कामाला आलं. तंबूत, अंधारात, उणे तापमानात, 'स्टँड टू' म्हटलं की दोन मिनिटांत बूट बांधून मी बाहेर असायचो.

तोच मी. गेल्या मे महिन्यात, झाशीच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये, सकाळी सव्वापाचला पलंगावर बसून एक मोजा घालत होतो. एकच, डाव्या पायाचा. ३५ मिनिटं झाली, बनियन घामानं भिजलं आणि मोजा टाचेच्या पुढे सरकला नाही.

हे असं का, ते थोडक्यात सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी मी लडाखमध्ये पलटणीत टूआयसी होतो. १७ हजार फुटांच्या आसपासची एक चौकी. फेब्रुवारीत एका लिंक पेट्रोलबरोबर परतताना बर्फाच्या कडक थरावरून घसरलो. १५-२० फूटच असेल, पण खाली दगड होता. डाव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं, डावं मनगटही गेलं. हवामानामुळे हेलिकॉप्टर दोन दिवसांनी आलं. ऑपरेशन झालं, दोन्ही ठिकाणी प्लेट बसल्या. आता सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना बाराव्या दिवशी पोटरी दगडासारखी झाली. डॉप्लर केल्यावर समजलं की आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. डीव्हीटी.

उंचीवर नोकरी केलेल्यांना हा शब्द नवा नाही. तिथे रक्त दाट होतं, तहान लागत नाही म्हणून पाणी कमी जातं, बर्फवादळात दिवसेंदिवस बंकरमध्ये बसून पाय हलत नाहीत. त्यात माझं हाड मोडलं आणि पाय जागच्या जागी बांधला गेला. गुठळी व्हायला जे जे लागतं ते सगळं एका पायात जमलं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर हा लेख कोणी लिहिला नसता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, धोका टळला. पण शिरेतल्या झडपा बिघडल्या होत्या. वर चढायचं रक्त खाली उतरू लागलं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पाय भरायचा, जड व्हायचा, ठणकायचा. मेडिकल कॅटेगरी खाली आली. ज्या पलटणीची कमान घ्यायची स्वप्नं पाहिली होती ती दुसऱ्या एका चांगल्या अधिकाऱ्यानं घेतली. मी झाशीला स्टाफच्या खुर्चीवर आलो, आणि सोबत आला तो मोजा.

याला कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणतात. दिसायला साधा, पण ओढून बघा म्हणजे कळेल. माझा क्लास टू आहे, घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब, म्हणजे ज्या एककात आपलं ब्लडप्रेशर मोजतात त्याच एककात. घोट्याशी दाब सगळ्यात जास्त, वर पोटरीकडे कमी होत जातो. त्यामुळे खाली साचणारं रक्त वर ढकलायला मदत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, 'सर, या मोज्यानं गुठळी विरघळत नाही, ते काम गोळ्यांचं. पण सूज आणि जडपणा हा आटोक्यात ठेवेल. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आत घालायचा, रात्री झोपताना काढायचा.'

सांगायला सोपं आहे. माझा गुडघा ६० अंशांच्या पुढे वाकत नव्हता, म्हणजे हात पावलापर्यंत पोचतच नव्हते. कसेबसे पोचले तरी डाव्या मनगटात पकड नव्हती. पहिले सहा महिने हे काम बायकोनं केलं. ती पलंगाच्या पायथ्याशी बसायची, दोन मिनिटांत मोजा चढवायची आणि चहा ठेवायला जायची. तिनं त्याचा कधी गाजावाजा केला नाही, आणि मीही आतल्या आत किती ओशाळतो ते कधी बोललो नाही.

मे महिन्यात मुलीच्या प्रवेश परीक्षेसाठी ती दोघं पुण्याला गेली, महिनाभरासाठी. मी एकटा नको म्हणून गावाहून आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, वय ७७. मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त हवालदार. ७१ची लढाई पाहिलेले. त्यांनी मला सातारच्या सैनिक स्कूलमध्ये घातलं, तिथून मी एनडीएत गेलो. मला कमिशन मिळालं त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर स्टार लावले, दोन पावलं मागे सरकले आणि सॅल्यूट केला. तेव्हापासून चारचौघांत ते मला 'सायेब' म्हणतात. घरात मात्र अरे-तुरे.

जाताना बायको म्हणाली, 'मोज्याचं काय करणार?' मी म्हटलं, 'बघतो. जमेल.' घरी कामाला येणाऱ्या जवानाला सांगता आलं असतं. पण कोणाच्या तरी मुलाला पहाटे माझ्या पायाशी बसवायचं, हे मला पटत नव्हतं. आबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बापानं मुलाच्या पायाला हात लावायचा? आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो.

पहिल्या सकाळची ३५ मिनिटं वर सांगितली. दुसऱ्या दिवशी मोजा अर्धा चढला, पोटरीच्या मध्ये घडी पडली, आणि त्या घडीनं दोरीसारखा काच बसवला. तासाभरात पावलाला मुंग्या. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन कात्रीनं कापून काढला. नवा कोरा होता. तिसऱ्या दिवशी दुसरा जोड कपाटातच ठेवला आणि साधे मोजे घालून गेलो. चौथ्या दिवशीही. पाचव्याही. झाशीचा मे, बाहेर ४४-४५. संध्याकाळी डावा बूट निघेना. मी खोलीचं दार लावून घेतलं, पाय उशीवर ठेवला आणि फोनवर बायकोला सांगितलं, 'सगळं मस्त.'

आबांनी काही विचारलं नाही. पाचव्या रात्री जेवण झाल्यावर ते मोढा घेऊन माझ्या पलंगासमोर बसले.

'दाव पाय.'

'काही नाही आबा, थोडा थकलाय.'

'पाय दाव म्हंतोय मी.'

आवाज हवालदाराचा होता. मी पायजमा वर केला. त्यांनी माझी टाच उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पाय मागे ओढायला गेलो, पण तो गुडघा ऐकत नाही आणि त्यांची पकडही सुटत नव्हती. नडगीवर त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दोघंही त्या खळग्याकडे बघत होतो.

'किती दिस?'

'तीन.'

'फूट इन्स्पेक्शन करतोस न्हवं जवानांचं?'

करतो. इन्फंट्रीतला प्रत्येक अधिकारी करतो. लांबचा मार्च संपला की आधी पाणी पिऊन बसायचं नसतं. प्लाटूनला बूट-मोजे काढायला लावायचे आणि एकेकाचा पाय हातात घेऊन बघायचा. बोटांमधली जागा, टाच, फोड, नखं. मी लेफ्टनंट असताना ३० जवानांचे पाय मला चेहऱ्यांइतके ओळखू यायचे. फोड लपवणारा जवान हमखास असायचाच, मागे राहायला नको म्हणून. त्याला मी झापायचो, 'तुझा पाय तुझा नाही, प्लाटूनचा आहे. उद्या तू बसलास तर दोघांना तुला उचलावं लागेल.' फार शहाणपणानं बोलायचो.

आबा म्हणाले, 'मी रंगरूट हुतो. मार्चला माझी टाच सोलली. घाबरून गप ऱ्हायलो. आमच्या सायबानं बूट काढाय लावला. माझा पाय असा मांडीवर घेतला. चिखलानं भरलेला, शेतकऱ्याच्या पोराचा पाय. सायेब बामन का मराठा का पंजाबी, तवा मला काय ठावं. त्यानं सोताच्या हातानं पट्टी बांधली. त्या दिशी म्या ठरवलं, पोरगं झालं तर त्याला सायेब करायचं.' थोडं थांबून म्हणाले, 'आता सायेब झालायस तर तुझं पाय कोन बगनार?'

यावर मला उत्तर सुचलं नाही.

रात्रीच मिलिटरी हॉस्पिटल गाठलं. डॉप्लरमध्ये नवी गुठळी नव्हती. ड्यूटीवरची कॅप्टन माझ्या मुलीपेक्षा फार तर आठेक वर्षांनी मोठी असेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'सर, मोजा घालता येत नाही हे सांगायला काय हरकत होती? यावर उपाय आहेत.' तिनं आणि फिजिओथेरपिस्टनं दुसऱ्या दिवशी तासभर शिकवलं. तिथे एक लोखंडी चौकट होती, मोजा ताणून धरणारी. त्यात वरून फक्त पाय ढकलायचा. आबा तिच्याकडे एकटक बघत होते. हातानं वितीनं तिची मापं घेत होते.

घरी आल्यावर त्यांनी अडगळीतून मच्छरदाणीचे जुने लोखंडी दांडे काढले आणि ई-रिक्षात घालून सदर बाजारातल्या वेल्डरकडे गेले. त्यांची हिंदी पलटणीतली, वेल्डरची बुंदेलखंडी. पण लोखंडाच्या कामात भाषा फारशी आड येत नसावी. पहिली चौकट फार रुंद झाली, मोजा तिच्यावर बसेचना. दुसरीला मूठ आखूड पडली. तिसरी जमली. मध्ये अर्धगोल कमान, दोन्ही बाजूंना लांब मुठी, खाली बैठक, आणि कडा लागू नयेत म्हणून सगळीकडे सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

त्या रात्री चौकटीला ट्यूब गुंडाळता गुंडाळता आबा म्हणाले, 'माझ्या बा-च्या टायमाला घोट्यापासनं गुडघ्यापत्तुर पट्टी असायची. आमच्या टायमाला आखूड, घोट्यापुरती. बा सांगायचा, खाली घट्ट, वर जरा सैल, आन् घडी न्हाई पायजे. घडी पडली का पाय मेला.' इंग्रजीतला 'पुटी' हा शब्द आपल्या 'पट्टी'वरूनच गेलाय हे मला माहीत होतं. पण कॅप्टननं तासभर मला जे शिकवलं ते माझ्या आजोबांना ठाऊक होतं, हे त्या रात्री कळलं.

आता कामाचं. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत माझ्यासारखे, आणि माझ्यापेक्षा वयानं मोठे पुष्कळ आहेत. कोणाचा गुडघा बदललाय, कोणाची कंबर वाकत नाही, कोणाचा हात चालत नाही. म्हणून जे शिकलो ते लिहितो.

सगळ्यात आधी, हा मोजा स्वतःच्या मनानं दुकानातून आणून घालू नका. पायाच्या धमन्यांत रक्तपुरवठा कमी असेल तर याच दाबानं नुकसान होतं. मधुमेहामुळे पावलाला बधिरपणा असेल तर काचलेलं कळतच नाही. डॉक्टर आधी पायाच्या नाड्या तपासतील, मग किती दाबाचा ते ठरवतील. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं, घोटा, पोटरी आणि लांबी.

घालायचा सकाळी, अंथरुणातून उतरायच्या आधी. उठून फिरून झालं असेल तर १५-२० मिनिटं पाय उंच ठेवून पडा, मग घाला. पाय कोरडा हवा. तेल किंवा क्रीम रात्री लावा, सकाळी नको. थोडी टाल्कम पावडर चालते. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, नखं कापलेली असू द्या. टाचेला भेगा असतील तर मोज्याचा धागा त्यात अडकतो.

भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. हा एक उपाय मला आधी माहीत असता तर माझं अर्धं दुखणं वाचलं असतं. मोजा वरच्या काठाला धरून कधीच ओढायचा नाही, त्यानं तो फाटतो नाही तर वर काचतो. रबरी तळव्यांनी खालून वर थोडा थोडा सारत न्यायचा. चौकट नसेल तर मोज्यात हात घालून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंत मोजा उलटा करा. त्या खिशात आधी पाऊल, मग टाच बरोबर टाचेवर बसवा, मग उरलेला वर आणा. बोटांकडे उघडा असलेला मोजा असेल तर आधी पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकतो. नंतर पिशवी बोटांकडून ओढून काढायची.

हात पावलापर्यंत पोचतच नसेल तर चौकट हवी. मोजा तिच्या कमानीवर टाचेपर्यंत ताणून चढवायचा, टाच मागच्या बाजूला. पलंगाच्या किंवा भक्कम खुर्चीच्या कडेला बसायचं, चौकट जमिनीवर नाही तर बुटक्या स्टुलावर, आणि पाय सरळ खाली ढकलायचा. टाच बसली की मुठी धरून चौकट वर ओढायची. मोजा आपोआप पोटरीवर येतो. हे उभं राहून करू नका. तयार चौकटी बाजारात मिळतात, आमच्यासारखी वेल्डरकडून करून घेतली तर कडा नीट झाका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना खरचटलेलंही महागात पडतं.

शेवटी तळहातानं सगळीकडून चाचपून बघा. एकही घडी नको. वरचा काठ गुडघ्याच्या वळीच्या दोन बोटं खाली हवा, आणि लांब झाला म्हणून दुमडायचा नाही. बोटं निळी, गार किंवा बधिर वाटली तर लगेच काढा. धुवायचा हातानं, साध्या साबणानं, न पिळता, सावलीत. दोन जोड ठेवा. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग नवा घ्या. आणि पाय अचानक एका बाजूनं सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर मोज्याचा विचार सोडून सरळ हॉस्पिटल.

आता मला सहा मिनिटं लागतात. पट्टी परेडच्या हिशेबानं अजून नापासच.

आबा जूनमध्ये परत गेले. जायच्या आदल्या रात्री ते बॅग भरत होते. मी मोढा त्यांच्यासमोर सरकवला आणि कसाबसा, एक पाय सरळ ठेवून त्याच्यावर टेकलो.

'आबा, पाय दाखवा.'

'मला काय धाड भरलीय?'

'पाय दाखवा म्हणतोय मी.'

त्यांनी धोतर वर घेतलं. इतकी वर्षं मी त्या पावलांवर डोकं टेकवत आलो, पण ते पाय असे कधी पाहिलेच नव्हते. दोन्ही पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरा होत्या. घोटे सुजलेले, मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट पडलेली. नडगीवर अंगठा दाबला. खळगा राहिला.

'किती दिवस?'

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'धा-बारा वर्सं आसंल.'

परतीचं तिकीट रद्द केलं. तपासणी झाली, धमन्या ठीक निघाल्या, शिरांचं पुढचं साताऱ्यात बघायचं ठरलं. तोवर त्यांनाही मोजे मिळाले, माझ्यापेक्षा एक क्लास कमी दाबाचे. सदर बाजारातल्या त्याच वेल्डरनं चौथी चौकट केली. आता ती गावी त्यांच्या खाटेखाली असते.

रोज सकाळी सहाला फोन येतो. 'हॅलो' वगैरे काही नाही.

'चढला?'

'चढला. तुमचे?'

'येक चढलाय. दुसरा चालू हाय.'

मग मी फोन धरून बसतो, दुसरा चढेपर्यंत.